अनलिमिटेड, पण लिमिटमध्ये

द्वारका चौकाजवळ आमचं इंटरनेटचं ऑफिस आहे. ऑफिससमोरच्या खांबावर इतक्या केबल लोंबतात की, कुठली चालू आणि कुठली मेलेली हे आमच्या लाइनमनलाही सांगता येत नाही. जुनी कोणी काढत नाही, नवी तिच्यावरच बांधतात. तक्रारीच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीच्या डोक्यात किश्शांचं तसंच होतं. त्यातून आमच्याकडे महिन्याची डेटा लिमिट आली, आणि मग तर विचारूच नका.

झालं असं की, आम्ही ज्या मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घेतो, तिनं फर्मावलं की, प्रत्येक घराला महिन्याची मर्यादा घाला. ती संपली की स्पीड कमी. आमचे मालक बापू तसे भिडस्त. ते म्हणाले, "गिऱ्हाईक तुटणार. पण वरून आलंय, काय करता?"

बाहेरच्या बोर्डावर मात्र मोठ्या अक्षरात 'अनलिमिटेड' लिहिलेलं होतं. बापूंनी पेंटरला बोलावलं आणि खाली 'मर्यादा लागू' असं लिहायला सांगितलं.

पेंटर शिडीवर चढला, थांबला आणि वरूनच म्हणाला, "बापू, मग वरचं पुसू का?"

"वरचं कशाला पुसतो? वरचं गिऱ्हाइकासाठी आहे."

"आणि खालचं?"

"खालचं भांडणासाठी."

* * *

पहिले भांडायला आले ते देवरेकाका. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झालेली. रिटायर झाल्यापासून त्यांना दोनच कामं, सकाळी फिरणं आणि कुणाला तरी जाब विचारणं.

बापूंनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावायचं ठरवलं. "काका, विजेचं कसं असतं? जितकी जाळाल तितकं बिल. आमचंही तसंच."

काका शांतपणे खुर्ची ओढून बसले. "बापू, विजेला कोळसा लागतो. वॅगनच्या वॅगन जाळलाय आम्ही. तुमच्या इंटरनेटला काय जळतं?"

बापूंनी बराच विचार केला.

"माझा जीव," ते म्हणाले.

काकांनी त्या दिवशी तक्रार दिली नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

* * *

तक्रारी फारच वाढल्या, तेव्हा बापूंनी एका सोसायटीच्या हॉलमध्ये गिऱ्हाइकांची मीटिंग घेतली. म्हटलं, एकदा काय ती चर्चा होऊन जाऊ दे.

एक गृहस्थ तावातावानं उठले. म्हणाले, "लिमिट हवीच. काही लोक दिवसभर नेट ओढतात आणि त्यांच्यापायी आमच्यासारख्यांचा स्पीड जातो. मी तर फक्त बातम्या बघतो."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं मान डोलावली. "खरंय. झोपेतसुद्धा बातम्याच बघतात. बंद केल्या की उठतात."

मग दोन तास चर्चा झाली. शिस्त हवी यावर सगळ्यांचं एकमत. आपल्या घरी ती नको यावरही एकमत. शेवटी टाळ्यांच्या गजरात ठराव पास झाला की, लिमिट असावी, पण ती लागू होऊ नये.

परत येताना मी विचारलं, "बापू, हे जमवायचं कसं?"

बापूंनी समोरच्या द्वारका चौकाकडे बोट दाखवलं. सिग्नल लाल होता आणि चारही बाजूंनी गाड्या चालल्या होत्या.

* * *

एके दिवशी एक वडील मुलीला घेऊन आले. चेहरा पडलेला. मुलीला सांगून आलेलं स्थळ परगावचं, म्हणून पहिलं बोलणं व्हिडिओ कॉलवर ठेवलेलं. मुलीनं विचारलं, "लग्नानंतर मी नोकरी केलेली चालेल का?" आणि नेमकी त्याच क्षणी यांची लिमिट संपली. मुलगा स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून जो थांबला तो थांबलाच.

"हो म्हणत होता की नाही, तेच कळेना," वडील म्हणाले. "परत विचारायचं तरी कसं? बरं दिसत नाही."

बापू विरघळले. त्यांनी त्या घराची लिमिट स्वतःच्या हातानं काढली आणि म्हणाले, "आजच परत कॉल लावा. सांगा, कंपनीची चूक होती."

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच आली, पेढे न घेता.

मी विचारलं, "काय गं, स्पीड नव्हता का?"

"स्पीड छान होता. मी परत तेच विचारलं. तो म्हणाला, आईला विचारून सांगतो." मग हसून म्हणाली, "आधी नेट अडकलं होतं, मॅडम. मग तोच अडकला. मीच नाही म्हटलं."

* * *

आणि त्या आजी. सुनेबरोबर आल्या. सुनेची तक्रार अशी की, घरात कोणी काही बघत नाही, तरी महिना अर्ध्यावर यायच्या आत लिमिट संपते. मी कॉम्प्युटरवर बघितलं, तर सगळा डेटा आजींच्या फोनवर जात होता. आजींची धाकटी बहीण येवल्याला पैठणीच्या मागावर रेशमी धाग्याच्या कांड्या भरते. दोघी सकाळी व्हिडिओ कॉल लावायच्या आणि फोन डब्याला टेकवून आपापल्या कामाला लागायच्या, ते थेट संध्याकाळपर्यंत.

"एवढं काय बोलता हो?" मी विचारलं.

"बोलायचं कशाला?" आजी म्हणाल्या. "ती तिकडं दिसती ना."

त्या महिन्याची लिमिट संपलेली. सून म्हणाली, आता पुढच्या महिन्यातच. आजी नुसत्या फोनकडे बघत राहिल्या. बापू केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी आजींचा फोन ऑफिसच्या वायफायला जोडून दिला आणि पंख्याखालची खुर्ची दाखवली. दुसऱ्या दिवसापासून आजी जेवण झालं की भाजीची पिशवी घेऊन यायला लागल्या.

अशाच एका दुपारी मोठ्या कंपनीचे साहेब तपासणीला आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. म्हणाले, "तुमच्याकडे वापर फार दिसतो. एकदोन हेवी युजर असतात, ते आवरले की सगळं सुरळीत होतं. कोण आहेत, काही कल्पना?"

बापूंनी हनुवटीनं खुर्चीकडे खूण केली. "त्या."

साहेब जवळ गेले. आजी मेथी निवडत होत्या. फोनमध्ये दुसऱ्या आजी खाली मान घालून कांडी भरत होत्या. कोणीच काही बोलत नव्हतं. साहेब वाट बघत उभे राहिले.

जरा वेळानं फोनमधून आवाज आला, "आक्का, कोण हाय गं तिथं?"

"लिमिटवाले आलेत."

"मग बसा म्हनावं. उभ्यानं काय काम होतं का?"

साहेब बसले. जाताना अर्धी जुडी निवडून गेले.