आण्णांचं मशीन थांबलं तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय—ठाऊक नाही.

माझे सासरे, आण्णा. आयुष्यभर पाथर्डीच्या स्टँडवरून जीप चालवली त्यांनी. लग्न होऊन आले तेव्हा मला स्कूटी शिकवली ती त्यांनीच. नणंदा हसल्या, तर त्यांनाच ओरडले. असा माणूस. शेवटच्या वर्षी फुफ्फुसं गेली आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. नवरा चाकणला कंपनीत, रविवारी यायचा. बाकी दिवस आम्ही दोघं, आणि ती घरघर. त्या आवाजातच मी जेवायचे, झोपायचे. वर्षभर ऐकलाय कधी तसा आवाज?—जाऊ द्या. कारण म्हणून सांगत नाही.

लाईट गेली की नळी काढून सिलिंडरला जोडायची, चावीनं सिलिंडर उघडायचा. दोन मिनिटांचं काम. डोळे मिटून जमायचं मला.

त्या दिवशी दिवेलागणीलाच लाईट गेली. मी आतल्या खोलीत पीठ मळत बसले होते. मशीन थांबलं आणि घर असं गप्प झालं की—कसं सांगू? लांब रस्त्यावरच्या टेम्पोचा हॉर्नसुद्धा ऐकू आला. आता उठते, म्हटलं. हात परातीतच. मग पुन्हा म्हटलं, आता उठते.

"संगीता... लाईट गेली गं," आण्णांनी हाक मारली. बोलायलाही दम लागायचा त्यांना. दुसऱ्यांदा नुसतं "संगी" एवढंच आलं. मग ते स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडावर आपटायला लागले. मला ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. मी अंधारात बसून राहिले—आणि मला बरं वाटत होतं. संपलं तर संपू दे, असंही मनात आलं. आलं म्हणजे—मी येऊ दिलं.

पेला खाली पडला, तेव्हा उठले. पिठाच्या हातांनीच नळी जोडली. मोबाईलच्या उजेडात त्यांचे ओठ निळे दिसत होते.

शेजारच्या यमुनाबाई आवाज ऐकून बॅटरी घेऊन धावत आल्या. मी तोंड उघडायच्या आत आण्णाच बोलले, थांबत थांबत, "सिलिंडरची चावी घावंना हिला... लई घाबरली पोर."

चावी सिलिंडरलाच बांधलेली होती. सुतळीनं. त्यांनीच बांधलेली.

मी पिठाचे हात पदराला पुसले.

पुढे तीन महिने जगले आण्णा. दहाव्याला सगळ्यांनी माझ्या सेवेचं कौतुक केलं. मी पदरानं डोळे पुसत ऐकून घेतलं. पण ते तीन महिने—रोज दिवस कलला की ते यमुनाबाईंना बोलवायला लावायचे. "संगीला अंधाराचं भ्याव वाटतं, जरा येऊन बसा," म्हणायचे. त्या यायच्या, वाती वळत बसायच्या. मी चहा द्यायचे. मग त्या जायला उठल्या, की आण्णा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "बसा की अजून जरा."