सशाच्या अंगावरचा पाला

चौथीतच माझी शाळा सुटली. गाव इथून दिवसभराच्या एसटीवर. पडेगावला बाईंकडं स्वयंपाकाला राहिले तेव्हा दुकानावरची पाटीसुद्धा मला अडखळत वाचावी लागायची. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांना नाद एकच, मुलांसाठी छापलेली, प्राण्यांच्या रंगीत चित्रांची जुनीपुराणी पुस्तकं जमवायचा. औरंगपुऱ्यातले जुन्या पुस्तकांचं दुकान असलेले एक चाचा त्यांना ती शोधून द्यायचे. त्यातूनच बाईंनी मला दुपारी वाचायला शिकवलं. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात बाई महिनाभर लेकीकडं गेल्या. चाचांकडून नुकतीच आणलेली तीन पुस्तकं दाखवून कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "कसर लागंल, लक्ष ठेव."

आई ज्वारीच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालायची, किडा फिरकायचा नाही. मी अंगणातला हिरवागार पाला तोडला, एकेका चित्रावर पसरला, पुस्तकं मिटली आणि वर पाटा ठेवला. बाई यायच्या दिवशी उघडलं तर सशाच्या पांढऱ्या अंगभर तपकिरी डाग. हरणावर, उंटावर तसेच. पाला गोळा करून मी लांब फेकून आले.

"हे कशानं गं?" बाईंनी विचारलं.

आता घालवतात मला, एवढंच डोक्यात. "दुकानातूनच ओल धरली असंल, बाई."

त्यांनी तिथंच चाचांना फोन लावला. "विश्वासानं घेते मी तुमच्याकडून, भाईसाब!" लई बोलल्या. पलीकडून चाचा माफी मागत होते, ते मला ऐकू येत होतं. मी कणीक मळत राहिले.

चौथ्या दिवशी बाईंनी वाचायला तेच पुस्तक पुढं ठेवलं. सशाचं पान आलं आणि मी डागावर बोट ठेवलं. "पाला मी घातला, बाई."

बाईंनी पुस्तक जवळ ओढून डाग पाहिले. "पाला वाळवून घालतात, हिरवा घालू नये, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, ते सोड. पण त्या भल्या माणसाला मी काय काय बोलले! आता फोन तू लाव."

लावला. सांगताना रडले.

"अरे बेटा," चाचा म्हणाले, "चार दिवसांपासून दुकानातली एकेक किताब हुंगत बसलोय! बेगम म्हणते, दिमाग फिरला तुमचा."

बाई खळखळून हसल्या. मला हसता आलं नाही.

किल्ली अजून माझ्याकडंच आहे. बाईंनी मागितलीच नाही. मागितली असती तर बरं झालं असतं, असं कपाट उघडताना वाटतं.