पडणाऱ्या काकांचं रॉकेट

आमच्या विज्ञान केंद्रात तिकिटं विकायला मी बसतो आणि रॉकेट शिकवायला माझे भावजी, म्हणजे थोरल्या ताईचे नवरे. दोघांत कष्टाचं काम कुणाचं, यावर घरात अजून एकमत नाही. माझ्या खिडकीशी येणारा प्रत्येक जण मात्र एवढंच विचारतो, "ते पडणारे काका किती वाजता?"

भावजींचं रॉकेट म्हणजे चाकांची ऑफिसची खुर्ची. मांडीवर वाळूच्या पिशव्या घेऊन ते बसतात आणि एकेक पिशवी समोरच्या गादीवर जोरात फेकतात. पिशवी पुढे जाते, खुर्ची मागे सरकते. पहिल्या पिशवीला ती जेमतेम हलते, शेवटच्या पिशवीला चांगली पळते, कारण तोवर मांडीवरचं ओझं उतरलेलं असतं. रॉकेटही असंच, ते सांगतात. आपल्याच पोटातला जळता वायू मागे फेकतं, म्हणून पुढे जातं. त्याचं बहुतेक वजन इंधनाचंच असतं आणि टाकी रिकामी झाली की तीही वाटेत सोडून देतं. इतकं सोपं आहे, आणि सोपं असल्यामुळेच कुणी लक्ष देत नाही.

फार वर्षांपूर्वी एकदा खुर्चीचं चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि भावजी खुर्चीसकट मागे कोसळले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या साहेबांनी बोलावणं पाठवलं. भावजींना वाटलं, आता चौकशी होणार. साहेब म्हणाले, "कालचं ते पडणं छान जमलं होतं. राहू दे." ती फट बुजवायचं काम मंजूर झालं होतं, ते साहेबांनी रद्द केलं. तेव्हापासून भावजी विज्ञानाच्या प्रसारासाठी रोज पडतात.

ताई हे बघायला कधी आली नाही. शेजारीपाजारी ती "हे अंतराळाचं बघतात" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. घरी ती भांडी घासत असताना भावजी ओट्याशी उभे राहून उद्याचं बोलणं म्हणून दाखवायचे आणि ती पाठमोरी "हं, हं" करायची. त्या 'हं'वरून ती ऐकतेय असं समजण्याइतका मी खुळा नव्हतो.

मग नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी तिची ओळख "पडणाऱ्या काकांची बायको" अशी करून दिली. ताईने तिथे हसून घेतलं आणि घरी येऊन पिशवी आपटली.

"उद्या मी येतेय बघायला," ती म्हणाली. "आणि उद्या तुम्ही पडायचं नाही. शिकवायला ठेवलंय ना? मग शिकवा."

"साहेब चिडतील," भावजी म्हणाले.

"चिडू देत."

खरं सांगायचं तर भावजींना हेच हवं होतं. जन्मात एकदा तरी लोकांनी आपलं ऐकून घ्यावं, एवढीच त्या माणसाची हौस.

दुसऱ्या दिवशी ताई तिसऱ्या रांगेत बसली. मी खिडकी बंद करून दाराशी उभा राहिलो. भावजींनी पिशव्या फेकल्या, खुर्ची सरळ मागे गेली, फट चुकवून थांबली. मग ते मनापासून बोलायला लागले. अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नव्हे. ते यानासकट सतत पडतच असतात, पण आडवे इतक्या वेगाने जात असतात की खाली पृथ्वीची गोलाईही तितकीच वळत जाते आणि जमीन काही लागत नाही. "म्हणजे तेही दिवसभर पडतात," भावजी म्हणाले. लोक जांभया देत होते.

"पडणार कधी?" मागून कुणीतरी विचारलं.

ताईच्या शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "तिकीट वाया गेलं. आणि सांगतोय तेही चूक. रॉकेट मागच्या हवेला रेटा देतं म्हणून वर जातं."

ताई उभी राहिली. "मग हवा संपल्यावर काय करतं? उतरून ढकलतं?" ती म्हणाली. "अहो, त्याला रेटा द्यायला मागे काही लागतच नाही. पिशवीला तुम्ही ढकललंत की पिशवी तुम्हाला ढकलते, संपलं. हवा उलट आडवी येते. हवा नसली तर बरंच आहे त्याला."

अख्खं सभागृह तिच्याकडे वळलं. ती थांबेना. टाक्या, इंधन, आडवा वेग, सगळं तिने त्या गृहस्थांना झाडत झाडत सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. मला त्यांचा फार हेवा वाटला.

साहेब मागेच उभे होते. "ताई, उद्यापासून येता का? समजावून तुम्ही सांगा. हे पडतील."

"मी सांगेन, पण यांनी पडायचं नाही."

"मग ऐकायला थांबेल कोण?"

भावजीच म्हणाले, "ये तू. तुला जमतं. मी पडतो." म्हणजे ज्या कामासाठी भावजी जन्मभर झुरले, ते ताईला चिडण्याच्या बदल्यात मिळालं.

पहिल्या दिवशी ताईने माईक धरला, भावजींनी शेवटची पिशवी फेकली, चाक फटीत गेलं आणि ते धाडकन आपटले. ताईने हे आजवर पाहिलंच नव्हतं. ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि माईकमध्येच म्हणाली, "अहो, लागलं का?"

सभागृहात कुणी हसलं नाही. भावजी जमिनीवरूनच म्हणाले, "नाही."

साहेब खूश. "वा, ते 'लागलं का' रोज ठेवा."

आता ताई रोज विचारते. लोक पोट धरून हसतात, भावजी खणखणीत आवाजात "नाही" म्हणतात आणि लोक आणखी हसतात. मीही एकदा हसलो.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा भावजी पालथे पडले होते आणि ताई त्यांच्या कमरेला मलम चोळत होती. तिचा हात एका जागी गेला तसे ते आक्रसले.

"अहो, लागलं का?" तिने विचारलं. इथे हसायला कुणी नव्हतं.

"हो," भावजी उशीत म्हणाले. "पहिल्यापासून लागतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुला माझं पडणंच आवडत नव्हतं. त्यात आणखी लागतं म्हणून कुठे सांगू?"