एका हाताचं मशीन

वडिवळ्यात कुणाच्या दाराची बिजागरी निखळली, कुणाची फळी कलली, की आधी हनुमंताचं नाव निघायचं. तो काही सुतार नव्हता. भातशेती करणारा माणूस, पण लाकडाला त्याचा हात कळायचा. हत्यारांची पत्र्याची पेटी खांद्याला मारून तो जायचा, मजुरी म्हणून चहा घ्यायचा आणि वर चार शब्द सुनावून यायचा, "हे आधी कुणी ठोकलंतं? त्याचे हात बांधून ठेवा." स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. कपाटाचं दार वर्षानुवर्षं एका बिजागरीवर लोंबकळत होतं. नंदाबाईनं विषय काढला की उत्तर ठरलेलं, "घरचंच हाय, कवाबी करू."

ते 'कवाबी' मागल्या वर्षी भाद्रपदात अडकलं. हनुमंताला अर्धांगाचा झटका आला. दवाखाना झाला, औषधं झाली. पाय काठीच्या आधारानं चालू लागला, तोंड जरासं वाकडं राहिलं, उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. त्यानं उंबरा ओलांडायचं सोडलं. दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले, तर ह्यानं तोंडावरून गोधडी ओढून घेतली. "आत्ताच डोळा लागलाय," असं सांगत नंदाबाईनं आपट्याची पानं घेतली. भर संध्याकाळी सणाच्या दिवशी कुणाचा डोळा लागतो, हे लोकांनाही कळत होतं. पण शहाणी माणसं, आल्या पावली परत गेली.

नंदाबाईला हाताची एवढी चिंता नव्हती. हात गेला तर गेला. भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस आतल्या आत विझत चाललाय, ह्याची तिला भीती वाटायची. त्या भीतीनं तिला अन्न गोड लागत नसे.

लेक प्रतीक्षा आंबीला एका कंपनीत होती. दिवसभर हातात स्क्रू मारायची गन. ह्या पावसाळ्यात तिनं तळेगावातून तसलंच एक चार्जिंगचं ड्रिल मशीन आणलं. बापाला न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा होता. न्हाणीघर मागच्या दाराला, तिथं प्लग नाही. त्यातून तारेवर झाड पडलेलं, लाईट कधी येईल ह्याचा भरवसा नाही.

हनुमंतानं ते मशीन खालीवर बघितलं. "ह्याची वायर कुटंय?"

"वायर नसते आबा. बॅटरीय. लाईट होती तवाच भरून ठेवली."

"म्हंजी मोबाईलवर चालणारा सुतार! हे खेळणं हाय, हत्यार न्हवं."

प्रतीक्षानं भिंतीला भोकं पाडली, प्लॅस्टिकचे प्लग बसवले, दांडा आवळला. हनुमंतानं डाव्या हातानं तो हलवून बघितला. "तिरकं हाय," एवढंच बोलला. तिरकं होतं खरं. पण त्या दिवसापासून न्हाणीघरात जाताना त्यानं कुणाला हाक मारली नाही.

मशीन फळीवर पडून राहिलं. एका दुपारी भातातलं गवत काढून नंदाबाई घरी आली, तर कपाटाचं दार सरळ. नव्यासारखं गपकन मिटत होतं. प्रतीक्षा कंपनीत. हनुमंत भिंतीकडे तोंड करून पडलेला. पेटीचं कुलूप तसंच. तिनं मशीन उचलून बघितलं, टोकाला लाकडाचा भुसा लागला होता.

ती तिथंच उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं. खिळा ठोकायचा तर एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं हाणायचं. भोक पाडायच्या गिरमिटालाही दोन हात लागतात. ह्या मशीनच्या टोकाला लोहचुंबक. स्क्रू आपला आपण चिकटून राहतो, माणसानं नुसतं टेकवून बोट दाबायचं. एक हात पुरे. तोही डावा चालतो.

तिनं मशीन पुन्हा फळीवर ठेवून दिलं. विषय काढला असता तर त्यानं मशीन पुन्हा हातात धरलं नसतं, एवढा नवरा तिला माहीत होता. त्या दिवशी चहात तिनं आलं जरा जास्त घातलं.

मग फळी सरळ झाली, खुंट्या पक्क्या झाल्या, पाटाचा डुगडुगणारा पाय थांबला. सगळं ती बाहेर गेल्यावर. पण घर ते केवढं, त्यात मोडकं असून असून किती असणार? काम संपलं आणि माणूस पुन्हा भिंतीकडे वळायला लागला. तेव्हा नंदाबाईनं युक्ती केली. शेतावर निघण्याआधी भाजीच्या सुरीच्या टोकानं ती कुठला तरी एक स्क्रू सैल करून ठेवायची. आज खुंटी, परवा कडी. संध्याकाळी आली की सगळं जिथल्या तिथं घट्ट. सुरीचं टोक वाकलं, पण नवरा उठून बसला होता. सौदा तिला परवडत होता.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. ती वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. नंदाबाईनं कोयता, विळे, करवत, पटाशी, सगळं अंगणातल्या दगडावर काढलं. त्यात ते मशीनही होतं. हातोडी घासून झाली, मशीन उचललं आणि ती ते बादलीत बुडवणार...

"अगं ए! पाण्यात नको! मरंल ते!"

झटक्यानंतर हनुमंताचा आवाज कधी दाराबाहेर गेला नव्हता. आज पार शेजारच्या परड्यात गेला. काठी टाकून तो तीन ढांगांत अंगणात आला, मशीन हिसकावून घेतलं आणि बनियनला पुसत उभा राहिला. "खेळणं ना ते?" नंदाबाई म्हणाली. त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

पाटावर पटाशीशेजारी मशीन त्यानंच ठेवलं. हळदीकुंकवाच्या वाटीशी आल्यावर मात्र अडला. उजवा हात उठत नव्हता. "डाव्या हातानं कसं वाहू? बरं दिसतं काय?"

"ज्या हातानं कामं करता, त्याच हातानं वाहा," नंदाबाई म्हणाली. त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं आणि डाव्या हातानं कुंकू लावलं. मशीनला जरा जास्तच लागलं.

तेवढ्यात ओरडा ऐकून शेजारचा बाजीराव धावत आला. "काय झालं वैनी? भाऊ पडले का काय?" बघतो तर भाऊ पाटासमोर बसलेला, झेंडूचं फूल मशीनला खोवत. बाजीरावचा जीव भांड्यात पडला आणि त्याला आपलं काम आठवलं. "भाऊ, आमच्या गोठ्याची कडी निखळलीय, म्हस रोज भाईर पळती. तेवढं मशीन न्हेऊ का?"

"आज हत्यार उचलत न्हाईत."

हत्यार म्हणाला. नंदाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मग उद्या न्हेतो."

"तू न्हेऊ नको. तुझ्या हातात दिलं तर गोठाच पाडशील," हनुमंत म्हणाला. मग पाटाकडे बघत बोलला, "उद्या दसरा हाय. सोनं द्यायला मी तसाबी निघणारच हाय. तुझ्याकडंच आधी येतो."

बाजीराव गेला. नंदाबाईच्या डोळ्यांतलं पाणी काही खळेना, म्हणून ती उगाच दगडावरचे विळे पुन्हा धुऊ लागली. टाकलेली काठी उचलून ती टेकत हनुमंत घरात निघाला, उंबऱ्यापाशी थबकला आणि मागं न बघता म्हणाला,

"आता खुंट्या ढिल्या करू नगं. भाईरचं काम मिळालंय. आणि ती वाकडी सुरी उद्या बाजीरावकडं जाताना संगं दे, त्याला धरायला लावून हातोडीनं टोक सरळ करून आणतो."