बुधवारचे भाग

नोरीन हॉलरॉइडनं काम कधी अर्धं टाकलं नाही. ओल्डमच्या सूतगिरणीत, रिंगखात्यात तिची बत्तीस वर्षं गेली. तुटलेला धागा जोडल्याशिवाय ती पुढच्या चातीकडे सरकली नाही. ‘कालव्याकाठी’ या मालिकेचे जुने भाग लेकीनं टीव्हीवर लावून दिले, तेव्हाही तिनं त्र्याऐंशी सालच्या जानेवारीपासून ओळीनं सुरुवात केली. दुपारचं जेवण झालं की दोन भाग. पाहिलेल्या भागाचा आकडा वहीत.

तिला खरं तर एकच भाग पुन्हा बघायचा होता. नॉर्मन बायकोला, मोनाला, बर्फात मागच्या अंगणात काढून कडी लावतो. ती उजाडेपर्यंत कोळशाच्या खोपटात उभी. पायात एकच सपात. सकाळी तोच दार उघडतो आणि चहा मागतो.

अडीच आठवड्यांत मालिकेतला एप्रिल संपला. बर्फाच्या भागात नॉर्मन मोनाचा वाढदिवस विसरला, ती रुसली, त्यानं तळलेले मासे आणले, मिटलं. बस्स.

“जॅनिस, यातला एक भाग गाळलाय.”

लेकीनं यादी तपासली. “आकडे सलग आहेत, आई. दुसऱ्या कुठल्या मालिकेतलं असेल ते.”

“मला शिकवू नकोस. सपात कुठल्या पायात होती तेसुद्धा सांगते. डाव्या.”

“बरं बाई, डाव्या. वार कुठला होता?”

“बुधवार,” नोरीन म्हणाली आणि तिनं वही मिटली.

त्या वर्षी तिची दुसरी पाळी होती, दोन ते दहा. मालिका रविवारी आणि बुधवारी रात्री लागायची; बुधवारचा एकही भाग तिनं पाहिला नव्हता. ते सगळे बेरिलनं सांगितलेले.

बेरिल थोरली बहीण. नोरीनच्याच साच्यावर, सूत कातायच्या यंत्रावर, पहिल्या पाळीला. गुरुवारी दुपारी साचा हाती देताना ती आदल्या दिवशीचा भाग सांगायची. खात्यात आवाज इतका, की बायका ओठ मोठे हलवून बोलत आणि ओठ बघूनच ऐकत. पाच मिनिटांत बेरिल अख्खं घर उभं करायची, हातवाऱ्यांसकट. बर्फाचा भाग सांगितला त्या गुरुवारी मात्र हात खिशात होते. ऐकून झाल्यावर नोरीन म्हणाली होती, “मोनानं तोंड आवरलं असतं तर घरात निजली असती.”

पुढच्या सोमवारी बेरिलनं गिरणी सोडली. ती आणि तिचा नवरा क्लिफ फ्लीटवुडला गेले. तेव्हापासून वर्षाला एक नाताळचं कार्ड, खाली नुसती सही. समुद्राकाठी राहायला गेली आणि शिष्ट झाली, असं नोरीन चाळीस वर्षं समजत आली होती.

आता तिला काही उमगेना. बेरिलनं दोन भागांची सरमिसळ केली असेल? क्लिफ तर देवमाणूस. आईच्या शवपेटीला खांदा दिलेला. त्याला जाऊनही सहा वर्षं झाली, कुणाला विचारणार? पण सपातेचा पाय कुणी उगाच कशाला सांगेल?

जॅनिस गेल्यावर तिनं फोन लावला.

“बेरिल, मी नोरीन.”

“कोण गेलं?”

“कुणी नाही. ‘कालव्याकाठी’ बघतेय पुन्हा. मोनाला नॉर्मननं बर्फात कोंडलं होतं, तो भाग.”

पलीकडे किटली शिटी मारत होती. ती बंद झाली.

“सापडला?”

“नाही. सगळे बघितले. त्यात नाहीच तो.”

“नसेलच.”

नोरीननं फोन दुसऱ्या कानाला लावला. “मी तेव्हा काय बोलले, आठवतंय तुला?”

“आठवतंय.”

“मला वाटलं मी मोनाला बोलतेय.”

“ते मला माहीत होतं,” बेरिल म्हणाली. “म्हणूनच मनातलं खरं ते बोललीस.”

माफी मागावी तर कशाची, ते नोरीनच्या नीट हाती लागत नव्हतं. क्लिफला शिव्या द्याव्यात, तर चाळीस वर्षं उशीर.

“उद्या येते मी,” ती म्हणाली. “सकाळच्या बसनं.”

“लिफ्ट बंद आहे. तीन जिने आहेत. तुझ्या गुडघ्यांनी?”

“मध्ये बसत बसत येईन.”

बेरिल म्हणाली, “दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवते.”