एकशे दहा व्होल्टचा डबा

माणसाला देवानं पाच इंद्रियं दिली असतील, पण आमच्या मुर्री गावातल्या शेजारच्या काकाजींना सहावंही दिलं होतं, आणि ते व्होल्टेजचं होतं. कुणाच्याही घरी गेले की आधी बल्बकडे बघत, मग माणसाकडे. "एकशे सत्तर" असा निकाल दिला की मगच चहाला बसत. एकदा मी मीटर लावून पाहिलं, तर एकशे नव्वद निघाले. काकाजी मीटरवरच उखडले, "झोप येऊन रायली तुह्या मीटरले!" जन्मभर त्यांनी धानाच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग केलं. लग्नातसुद्धा खिशात टेस्टर. नवरदेवावर अक्षता नंतर, आधी मांडवाची वायर तपासणार! काकू गेल्या आणि त्यांच्या घरात एक नवंच खूळ शिरलं. टीव्ही बंद, पंखा बंद, कोपऱ्यातला स्टॅबिलायझर मात्र दिवसभर चालू, घूंऽऽ करत. "कायले चालू ठेवता जी?" मी चिडवायचो. "राहू दे ना बापू," एवढंच म्हणायचे.

मला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा गावानं पेढे मागितले, काकाजींनी लॅपटॉपचा चार्जर मागितला. उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तिथं एकशे दहाच येते. उपाशी मरन हा." तीन दिवस खपून त्यांनी एकशे दहाचे दोनशे वीस करणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि पत्र्याच्या डब्यात बसवला. सहा किलोचं धूड! त्याच्यापायी आईनं बांधलेला तांदूळ बॅगेतून बाहेर आला. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

तिकडे पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या एकानं चार्जरवरची बारीक अक्षरं दाखवली: शंभर ते दोनशे चाळीस. म्हणजे नुसती पिन बदलायची! डबा पलंगाखाली गेला. दर रविवारी काकाजी फोनवर विचारायचे, "चालून रायला का रे?" मी बेधडक सांगायचो, "मस्त चालून रायला जी."

पण ती खोली फार वाईट होती हो. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट बंद, कुत्रं भुंकेल तर शपथ. शुक्रवारी ऑफिसातून आलो की सोमवारपर्यंत तोंड उघडायला माणूस नाही. एका शनिवारी दुपारी अगदी असह्य झालं. डबा ओढून काढला, पिन लावली, त्याला काहीच जोडलं नाही. घूंऽऽ. त्याच्याशेजारी जमिनीवर बसून मी पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी फोनवर खरं काय ते सांगून टाकलं. "काकाजी, चार्जरले त्याची गरजच नव्हती."

"मालूम होतं ना मले. वाचता येते मले."

"मंग देला कायले?"

"तू एकटा जाऊन रायला होता, बापू. घर गप झालं का माणूस खचते."

मी परतलो तेव्हा काकाजी राहिले नव्हते, त्यांच्या दाराला कुलूप होतं. डबा मी परत आणला, पण तो एकशे दहाचा. इथं लावला तर जळून जाईल. म्हणून तो टेबलावर गप्प बसून असतो. उन्हाळी धानाचे पंप एकदम सुरू होऊन बल्ब पिवळा पडला की मी त्याच्याकडे बघून मोठ्यानं म्हणतो, "एकशे सत्तर." खोटं कशाला बोलू, काकाजींची फार आठवण येते.