शनिवारचा कोट

शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे कापड टाकलं की एकच वायदा मिळे, "शनिवारी न्या." कुठल्या शनिवारी, हे विचारायचं धाडस नवख्यालाच होई. जुनी गिऱ्हाइकं शनिवारी येत, मावशींचा चेहरा बघत आणि कपड्याचा विषयही न काढता, खुशाली विचारून परत जात. कापड विरलं तरी टाका उसवायचा नाही, म्हणून सगळे कुरकुरत का होईना, टिकून होते.

हा शनिवार मात्र हुकून चालणार नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांचा उद्या निरोपसमारंभ होता आणि आयुष्यातला पहिला कोट त्यांनी मावशींकडे शिवायला टाकला होता. दुपारी ते आले तेव्हा कोटाची उजवी बाही मुळापासून उसवलेली!

मावशींच्या सुनेने कपाळावर हात मारला. "आई, काल तयार होता ना हो हा?"

"तयार होता. बरा नव्हता."

"घ्या! मास्तर, शनी मागे लागणं म्हणजे काय, ते बघून ठेवा."

मास्तर चिडायचे सोडून बाकावर टेकले. शिकवायची खोड काही उद्यापर्यंत थांबणार नव्हती. "त्या बिचाऱ्याला नावं ठेवू नकोस, पोरी. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सगळ्यांत संथ. सूर्याभोवती एक फेरी मारायला तीसेक वर्षं घेतो. म्हणून त्याचं जुनं नाव शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. त्याच्याच नावाचा हा वार. वेळ घेतो, पण वाट सोडत नाही."

"म्हणजे आईंचं माहेर तिकडचंच की!"

"सूनबाई, आधी सुई ओवून दे," मावशी म्हणाल्या, "ग्रह मागनं फिरव."

"होईल ना पण, मावशी?" मास्तरांचा आवाज जरा बारीक झाला. "नाहीतर आपला स्वेटर आहेच."

"स्वेटर घालून निरोप घेणार? गप बसा हो."

रस्त्यावर दिवे लागले तेव्हा मावशींनी शेवटचा दोरा दातांनी तोडला. मास्तरांनी आरशासमोर कोट चढवला.

"हात वर करा."

"किती?"

"फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिता तेवढा."

मास्तरांनी हात उंच केला. ना खांदा ओढला, ना कॉलर मानेवर चढली.

"कालची बाही तिथं अडली असती," मावशी म्हणाल्या. "माझी दोन्ही पोरं तुमच्या वर्गात होती. बोलता बोलता तुम्ही फळ्याकडे वळणारच."

मास्तर समोरच्या भिंतीवर बोटानेच काहीतरी लिहीत राहिले.

"मास्तर, हात खाली घ्या आता," सून म्हणाली, "बटण लावायचंय."